घरचा मीडिया सर्व्हर: आजीचा आवाज कुठे ठेवायचा?

आमच्या कर्वेनगरच्या घरी एका कपाटात एकवीस कॅसेटी होत्या. बाबांनी १९८० च्या दशकात घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. अठरा कॅसेटींवर रेडिओवरून उतरवून घेतलेली नाट्यगीतं आणि तीन कॅसेटींवर आजी. ती भोंडल्याची गाणी म्हणते, मधेच थांबते आणि बाबांना विचारते, "सुरू आहे का रे ते?" एका उन्हाळ्यात मी त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या आणि एका बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवल्या. त्याच डिस्कवर मुलीचे फोटो होते, लग्नाची कॅसेट होती आणि विकत घेतलेल्या डीव्हीडींवरून घेतलेले सिनेमेही होते.

एका सकाळी ती डिस्क टक् टक् वाजायला लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. डेटा काढून देणाऱ्यांनी दोन आठवडे खटपट करून थोडंफार परत दिलं. कॅसेटी कपाटात शाबूत होत्या म्हणून आजी परत आली. सिनेमे परत मिळाले. मुलीच्या पहिल्या चार वर्षांचे फोटो गेले ते गेलेच.

त्यानंतर मी घरी सर्व्हर उभारला. आता ओळखीचं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं, कुठला डबा घेऊ, कुठलं सॉफ्टवेअर टाकू? माझं सांगणं असं की सुरुवात तिथून करू नका. आधी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे जे पुन्हा मिळू शकतं ते लिहा: सिनेमे, मालिका, बाजारात मिळणारी गाणी. उजवीकडे जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते: घरच्यांचे आवाज, फोटो, मुंजीच्या आणि लग्नाच्या कॅसेटी, आईच्या हातच्या पाककृतींच्या वहीची स्कॅन केलेली पानं.

मग दोन्हींचा आकार मोजा. साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली तर साधारण ६३५ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे माझ्या एकवीस कॅसेटी मिळून चौदा गिगाबाइटही होत नाहीत. फ्लॅक या प्रकारात साठवल्या तर आवाजाचा कणही न गमावता जागा जवळपास निम्म्यावर येते. जुन्या हँडीकॅमची मिनी डीव्ही टेप तासाला सुमारे १३ गिगाबाइट घेते. फोनवरचे वीस हजार फोटो चार-चार मेगाबाइटचे धरले तर ८० गिगाबाइट. उलट ब्लूरेवरचा एकच सिनेमा २५ ते ५० गिगाबाइट खातो. बहुतेक घरांत उजवी बाजू एका टेराबाइटच्या आत बसते, आणि जागा लागते ती डावीला. महागडी, काटेकोर काळजी फक्त छोट्या बाजूची घ्यायची आहे हे एकदा कळलं, की पुढचे निम्मे प्रश्न हलके होतात.

डबा आणि डिस्क

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहणारा साधा संगणक. तो फायली सांभाळतो आणि टीव्ही, फोन, लॅपटॉप मागतील तेव्हा देतो. कचेऱ्यांमधून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप या कामाला पुरतो. इंटेलचा सहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, ८ गिगाबाइट रॅम आणि आत दोन मोठ्या डिस्क बसायला जागा असली की झालं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करताना मी एवढंच पाहते की डिस्क आतल्या साटा केबलला थेट लागतात का. यूएसबीच्या डब्यातल्या डिस्क सतत चालणाऱ्या जोडीसाठी नकोत. ती जोडणी क्षणभर तुटते, पुन्हा जुळते, आणि साठवणीच्या प्रणालीला वाटतं की डिस्कच गेली.

डिस्क घेताना मात्र एक गोष्ट नीट पाहा. काही डिस्कवर माहितीच्या पट्ट्या मंगळुरी कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण खालच्या ओळीतलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात, तसं एका पट्टीतला बदल करायला शेजारच्या कितीतरी पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. या प्रकाराला एसएमआर म्हणतात. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सगळं पुन्हा भरण्याची वेळ येते तेव्हा अशी डिस्क फार मंदावते. आपल्याला हवी ती सीएमआर, जिच्यात पट्ट्या शेजारी शेजारी, स्वतंत्र असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात हे बहुधा लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

डिस्क बिघडणार हे गृहीतच धरायचं. लाखो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही कंपनी आपले आकडे जाहीर करते. त्यानुसार अलीकडच्या वर्षांत शंभरातल्या साधारण एक ते दोन डिस्क दरसाल निकामी झाल्या आहेत. आकडा छोटा दिसतो. घरात दोन डिस्क दहा वर्षं चालवायच्या असतील तर तो तितका छोटा राहत नाही.

वाण्याची यादी

एक डिस्क गेली तरी माहिती राहावी, ही कल्पना रेड या नावाने ओळखली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ती शोधनिबंधात मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच वापरायचा आणि त्यातली एखादी गेली तर उरलेल्यांनी सांभाळून घ्यायचं.

सगळ्यात सोपा प्रकार मिरर. दोन डिस्क, दोन्हींवर तेच. अर्धी जागा जाते, पण समजायला, दुरुस्त करायला याच्याइतकं सरळ दुसरं काही नाही. माझ्या घरी हेच आहे, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सुचवेन.

दुसरा प्रकार पॅरिटीचा. वाण्याची यादी डोळ्यांसमोर आणा: साखर ४५, पोहे ६०, तूरडाळ १५०, एकूण २५५. यादीवर तेलाचा डाग पडला आणि पोह्यांचा आकडा गेला, तरी एकूणमधून बाकीचे वजा केले की ६० मिळतात. तीन डिस्कवर माहिती आणि चौथीइतक्या जागेत 'एकूण' ठेवलं तर कुठलीही एक डिस्क गेली तरी ती हिशेबाने परत काढता येते. प्रत्यक्षात बेरीज होत नाही. शून्य आणि एक यांच्या रांगेत एक हा अंक सम वेळा आला की विषम वेळा, एवढीच नोंद होते. पण तत्त्व हेच. दोन आकडे एकदम पुसले गेले तर एका बेरजेने भागत नाही, त्यासाठी वेगळ्या सूत्राने काढलेला दुसरा हिशेब लागतो. मोठ्या डिस्क चार-पाचपेक्षा जास्त असतील तर हा दुसरा हिशेब ठेवावा. एक गेलेली डिस्क भरून काढायला कित्येक तास, कधी दिवस लागतात आणि तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क राबत असतात. त्यातलीच एखादी तेव्हा दगा देते.

आता याच यादीकडे पुन्हा पाहा. समजा डाग कुठेच नाही. सगळे आकडे स्वच्छ वाचता येतात, पण बेरीज जुळत नाही. कुठला आकडा चुकला? साखरेचा, डाळीचा की एकूणच चुकली? बेरजेला ते सांगता येत नाही. डिस्कच्या बाबतीत असं घडतं. डिस्क बंद पडत नाही, तक्रार करत नाही, फक्त एखाद्या ठिकाणी लिहिलं होतं त्यापेक्षा वेगळं काहीतरी वाचून देते. कारण डिस्कचा असेल, केबलचा असेल, कधी मेमरीचा. फोटोच्या खालच्या अर्ध्यावर राखाडी पट्टा येतो, गाण्यात एके ठिकाणी खरखर येते. आणि आपण निष्ठेने त्या बिघडलेल्या फायलीचीच प्रत दर महिन्याला काढत राहतो.

पोथ्या उतरवणारे लेखनिक शेवटी एक ठरावीक ओळ लिहीत असत: जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा नाही. एका लेखनिकाची चूक पुढच्याने उतरवली, त्याची त्याच्या पुढच्याने. आपल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विद्वानांनी दशकानुदशकं शेकडो पोथ्या शेजारी ठेवून पाठ ताडले ते याचमुळे, की एकट्या पोथीला स्वतःची चूक कळत नाही. साधी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, त्या लेखनिकासारखीच असते. दिसेल ते उतरवते.

झेडएफएस काय वेगळं करते

झेडएफएस ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ पासून घडवली. २००५ साली तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला झाला. तिच्यात माहितीचा प्रत्येक तुकडा लिहिताना त्या तुकड्यावरून एक आकडा काढला जातो, त्याला चेकसम म्हणतात. तुकड्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो. महत्त्वाचं म्हणजे तो तुकड्याच्या शेजारी ठेवत नाहीत. तुकडा कुठे आहे हे सांगणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवतात. त्यामुळे तुकडा आणि त्याची खूण एकाच वेळी बिघडून आपसात जुळण्याचा धोका टळतो.

वाचताना आकडा पुन्हा काढला जातो. जुळला नाही तर झेडएफएस मिररच्या दुसऱ्या डिस्ककडून तोच तुकडा मागते, त्याचा आकडा तपासते, बरोबर असलेला आपल्याला देते आणि चुकलेल्या जागी बरोबर तुकडा लिहून ठेवते. आपल्याला गाणं ऐकू येत राहतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फायलींसाठी महिन्यातून एकदा स्क्रब नावाची फेरी लावायची: ती डिस्कवर साठवलेला प्रत्येक तुकडा वाचते आणि ताडून पाहते. ही फेरी लावली नाही तर चेकसम असून उपयोग निम्माच.

यात एक कच्चा दुवा आहे, मेमरी. माहिती डिस्कवर जाण्याआधीच रॅममध्ये बिघडली तर चुकलेल्या माहितीवरच आकडा निघतो आणि तो नंतर बिनचूक जुळत राहतो. म्हणून चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी चांगली. घरच्या सर्व्हरला ती सक्तीची नाही. मात्र जुना संगणक घेतल्यावर पहिल्या रात्री मेमटेस्ट लावून रॅमची तपासणी जरूर करा.

झेडएफएसची दुसरी सवय जमिनीच्या फेरफारासारखी आहे. फेरफारात जुनी नोंद खरवडून तिथेच नवी लिहीत नाहीत; नवी नोंद होते आणि तिच्याकडे बोट दाखवलं जातं. झेडएफएसही जुन्या जागेवर लिहीत नाही. नवा मजकूर नव्या जागी पूर्ण लिहून झाल्यावरच नोंद त्याच्याकडे वळवते. मधेच वीज गेली तर जुनं जसंच्या तसं असतं, अर्धंमुर्धं काही उरत नाही.

आणि जुनं सोडूनच दिलं नाही तर? त्यालाच स्नॅपशॉट म्हणतात. एखाद्या क्षणी फायली जशा होत्या तशी स्थिती धरून ठेवायची. तो क्षणार्धात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पुढे जे बदलेल किंवा पुसलं जाईल तेवढ्याचीच जागा अडते. माझ्याकडे दर तासाचा एक असे चोवीस, रोजचा एक असे तीस आणि महिन्याचे बारा राहतात, त्याहून जुने आपोआप सुटतात. मागच्या गणपतीत भावाच्या मुलाने, तुषारने, सगळं गणपतीचं फोल्डर काढून टाकलं. "आत्या, लॅपटॉपवर जागा नव्हती गं," असं तो म्हणाला. फोल्डर लॅपटॉपवर नसून सर्व्हरवर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तासापूर्वीच्या स्नॅपशॉटमधून पाच मिनिटांत ते परत आलं. फायली वाटून देणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय चालू केली, तर विंडोजवरून फोल्डरच्या जुन्या आवृत्त्या घरातल्या कुणालाही स्वतःच उघडता येतात. घरातल्या एखाद्या लॅपटॉपमध्ये खंडणीचा व्हायरस शिरला आणि त्याने वाटलेल्या फायली कुलूपबंद केल्या तरी जुने स्नॅपशॉट त्याला बदलता येत नाहीत, अर्थात सर्व्हरचा मुख्य पासवर्ड त्या लॅपटॉपवर साठवलेला नसेल तर.

माळा नको, गुरुवार लक्षात ठेवा

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे आपण लहानपणापासून पाहतो. छोटा यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. नट नावाचं ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचं, सॉफ्टवेअर बॅटरी उतरू लागली की सर्व्हर रीतसर बंद करतं. विजेचा खर्च लोक फार धरतात. असा डबा सरासरी ३० वॉट घेत असेल तर महिन्याला साधारण २२ युनिट होतात. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा.

डबा माळ्यावर टाकू नका. स्लॅबखालचा माळा एप्रिल-मेमध्ये तापतो आणि डिस्कला उष्णता सोसत नाही. मी डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत ठेवते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात खराब म्हणून बदललेल्या जागांचा आकडा वाढू लागला तर वाट पाहू नका, नवी डिस्क आणा. ही खबर ईमेलने यावी अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

वाईला राहिलेला फोटो

भावाला मी साताऱ्याला एक डिस्क नेऊन दिली तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुझ्याकडे दोन डिस्कवर तेच आहे, वर हे स्नॅपशॉट. मग माझ्याकडे तिसरी कशाला?"

"अरे, त्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत आणि डबा एकाच घरात."

आमच्या घरात हे जास्त समजवावं लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आजोबांचं नारायण पेठेतलं घर पाण्यात गेलं. ट्रंकेतले सगळे फोटो लगदा झाले. आजीच्या लग्नाचा एकच फोटो आज आमच्याकडे आहे, कारण त्याची एक प्रत तिच्या माहेरी, वाईला, भिंतीवर होती. आणि पुराची गोष्ट फक्त आजी-आजोबांच्या काळातली नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं ते सहकारनगर आणि अरण्येश्वरच्या लोकांना विचारा.

मिरर, पॅरिटी, चेकसम हे डिस्कच्या बिघाडापासून वाचवतात. स्नॅपशॉट माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीपासून वाचवतो. पूर, आग, चोरी, वीज पडणं यांच्यापुढे हे सगळं एकदम जातं. तिथे फक्त दूरची प्रत कामी येते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

यासाठी माझ्याकडे दोन छोट्या बाहेरच्या डिस्क आहेत, एकेका टेराबाइटच्या. एक साताऱ्याला, एक माझ्याकडे. दोन-तीन महिन्यांनी स्वारगेटहून जाताना ताजी डिस्क नेते आणि जुनी घेऊन येते. प्रत काढायला रात्र लागत नाही, कारण झेडएफएस दोन स्नॅपशॉटमधला फरकच पाठवू शकते. कधीतरी जोडायच्या अशा प्रतीला यूएसबी चालते. झेडएफएस शिकायचं नसेल तर रेस्टिक किंवा बोर्ग ही दोन ओपन सोर्स साधनं हेच काम करतात. दोन्ही बदललेलंच तेवढं पाठवतात आणि माहिती कुलूपबंद करून ठेवतात. कुलूप हवंच. डिस्क एसटीत विसरली तर मुलीचे फोटो परक्याच्या हाती जाऊ नयेत. त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक भावाकडे आहे. मी नसताना घरच्यांना हे उघडता आलं पाहिजे, आणि पासवर्ड हरवला तर जगात कुणीही ते उघडू शकत नाही.

वहीची डावी बाजू मी साताऱ्याला नेत नाही. सिनेमांच्या नावांची यादी तेवढी नेते.

ओपन सोर्सच का

कारण कंपन्या हात बदलतात आणि आपल्याला आजीचा आवाज नातवंडांपर्यंत न्यायचा असतो. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० साली ओरॅकलने विकत घेतली आणि झेडएफएसच्या पुढच्या आवृत्त्या तिथे बंद दाराआड गेल्या. पण आधीचा कोड खुला होता. बाहेरच्या प्रोग्रामरांनी तो पुढे नेला आणि २०१३ पासून ते काम ओपनझेडएफएस या नावाने एकत्र चालतं. एम्बी या मीडिया सर्व्हरने २०१८ मध्ये आपला कोड बंद केला, तेव्हा त्याच्या खुल्या कोडवरून डिसेंबरात जेलीफिन जन्माला आलं.

घरात याचा अर्थ फार साधा आहे. माझा डबा उद्या जळाला तर त्यातल्या दोन डिस्क काढून लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम आणि झेडएफएस असलेल्या दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडायच्या आणि साठा आयात करायचा, एवढंच काम. कुठल्या डिस्कवर काय आहे हे त्या डिस्कवरच लिहिलेलं असतं. बंद पेटीतून येणाऱ्या काही उपकरणांत तेच मॉडेल शोधत फिरावं लागतं.

सॉफ्टवेअर निवडताना फार घोळ घालू नका. ब्राउझरमधून सगळं चालवायचं असेल तर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट. पहिल्यात झेडएफएस आतच येतं, दुसऱ्यात ते प्लगिनने, म्हणजे वेगळ्या जोडसॉफ्टवेअरने, बसवावं लागतं. वेगवेगळ्या आकाराच्या जुन्या डिस्क पडून असतील आणि त्यांवर फक्त सिनेमे ठेवायचे असतील, तर स्नॅपरेड आणि मर्जरएफएस ही जोडी चांगली. मर्जरएफएस सगळ्या डिस्क मिळून एकच मोठं फोल्डर दाखवतं आणि स्नॅपरेड आपण लावून दिलेल्या वेळी, समजा दिवसातून एकदा, पॅरिटी मोजून ठेवतं. शेवटच्या मोजणीनंतर आलेल्या फायली मात्र उघड्यावर असतात. म्हणून उजव्या बाजूसाठी मी ती जोडी वापरत नाही.

टीव्हीवर दाखवायचं काम जेलीफिनचं. मराठी सिनेमांची नावं आणि पोस्टरं ते बऱ्याचदा स्वतःहून ओळखत नाही. ती हाताने भरावी लागतात. एखाद्या रविवारी मुलीला सोबत घेऊन बसले की होतं. टीव्हीला फाइलचा प्रकार कळत नसेल तर सर्व्हर चालता-चालता ती बदलून देतो. हे काम जड असतं, आणि इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो म्हणून वर मी सहावी पिढी म्हणाले. फोनवरचे फोटो आपोआप सर्व्हरवर यावेत यासाठी इम्मिच वापरा. बाहेरगावाहून पाहायचं असेल तर राउटरची दारं उघडू नका, वायरगार्ड या सॉफ्टवेअरने खासगी बोगदा (व्हीपीएन) करा.

दसऱ्याचं नाव

एक गोष्ट मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांसाठीच. 'दसऱ्याचे फोटो' हे नाव पाहा. यातला 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी जोडी म्हणून. काही कीबोर्ड तिसऱ्याच वाटेने जातात, र ला हलंत लावून न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना तिन्ही सारखी. लिनक्सला ती तीन वेगळी नावं. परिणामी एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी दिसतात, शोधताना एक सापडतं आणि एक नाही. झेडएफएसमध्ये साठ्याचा विभाग तयार करतानाच नॉर्मलायझेशन हा पर्याय चालू केला तर पहिले दोन प्रकार एकच मानले जातात. नंतर तो बदलता येत नाही. तिसरा प्रकार त्यातूनही सुटतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा हे बरं.

शिवाय फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे पंचाऐंशी चिन्हांत नाव संपलं पाहिजे. 'आजी भोंडला कॅसेट दोन बाजू अ' छान बसतं. कोण कोण गातंय, कुणाच्या अंगणात, मागे कुणाचं बाळ रडतंय हे सगळं मी शेजारी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवलं आहे. बाबा सांगू शकत होते तेव्हा त्यांना विचारून लिहिलं. ते काम डिस्क घेण्याआधी करा.

खंडेनवमीला आमच्याकडे बाबांच्या पकडी, पाने, शिवणयंत्र मांडून झेंडूची फुलं वाहतात. त्यांत आता तो डबाही असतो. त्याच दिवशी मी साताऱ्याहून आलेली डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडते, कागदावरचा पासवर्ड टाकून उघडते आणि प्रत खरंच परत येते का ते पाहते. दहा फोटो, एक चित्रफीत, एक कॅसेट. पहिल्या वर्षी पासवर्डमधलं एक अक्षर मी कागदावर चुकीचं लिहिलेलं सापडलं. दोन्ही कागद बदलले. या वर्षी कॅसेट दोन उघडली, चेकसम जुळला, आणि आजीने विचारलं, "सुरू आहे का रे ते?"